ताईचा कान

दोघी बहिणींच्या गाण्याच्या वर्गाला पाटी नव्हती. खाली लाँड्री होती, तिच्या कडेनं जिना वर जायचा, आणि जिन्यात उभं राहिलं की वाफेच्या इस्त्रीचे फुसकारे आणि मुलांचं गाणं एकदमच कानावर यायचं. थोरलीला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. धाकटी चिमणी. पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी चिमणीची काही चिमणाबाई झाली नाही. ती दोन गल्ल्या सोडून नवऱ्याबरोबर राहायची. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. सकाळचं आवरलं की चिमणी ताईकडे यायची आणि दिवे लागेपर्यंत तिथंच असायची.

नवीन मूल आलं की ताई पहिल्या दिवशी त्याला गायला लावायची नाही. टेबलावर एक काचेचा पेला, एक वाटी आणि एक लाकडी डबा ठेवायची आणि चमच्यानं एकेकावर टकटक करायची. मुलानं डोळे मिटून सांगायचं. कुठला आवाज वर, कुठला खाली? कुठला मोठा, कुठला बारीक? हा काचेचा आणि हा लाकडाचा, हे न बघता कशावरून ओळखलंस? आणि आधी कुठला विझला? मूल गोंधळायचं, हसायचं, मग हळूहळू बरोबर सांगायला लागायचं. शेवटी ताई म्हणायची की झालं, जगातलं सगळं गाणं या चार गोष्टींत आलं: उंची, जोर, पोत आणि लांबी. पुढं आपण करणार ती नुसती मांडामांड. मग आठवडाभर त्या मुलाच्या घरातली एकही बशी शांत राहायची नाही, आणि आया तक्रार घेऊन यायच्या.

ताईचा कान ही त्या घरातली सगळ्यात मोठी ठेव होती. आई चिमणीच्या बाळपणीच गेली. वडील बँकेत कारकून, पण संध्याकाळी घरी आले की आधी पियानोचं झाकण उघडायचे, मग बूट काढायचे. त्यांनी दोघींना शिकवलं. शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की थोरलीचा गळा घोगरा आहे, पण तिच्या कानातून काही निसटत नाही. सूर केसभर हलला तरी तिच्या कपाळाला आठी पडते. आणि धाकटीचा गळा म्हणजे नुसता उजेड, पण ती कुठं चालली आहे याचा तिला पत्ता नसतो. ते गमतीनं म्हणायचे की बरं झालं, वाटणी झाली. एकीलाच दोन्ही मिळालं असतं तर दुसरीला माझ्यासारखं बँकेत जावं लागलं असतं.

वडील गेले तेव्हा चिमणी शाळेत होती. ताईनं तिला वाढवलं, तिचं शिक्षण केलं, लग्न लावून दिलं, स्वतःचं मात्र राहूनच गेलं. आणि ती वाटणीही तशीच राहिली. चिमणी गायची, ताई ऐकायची. चिमणी गावातल्या गानवृंदात होती. एकटीनं गायची ओळ आली की ती चिमणीची, हे ठरलेलंच. कार्यक्रमात ताई तिसऱ्या रांगेत बसायची. चिमणीचा सूर जरा उतरला तर ताईचं बोट गालावर वर सरकायचं, चढला तर खाली. बाजूच्या माणसाला वाटायचं, बाईंना गाल खाजवायची सवय आहे. चिमणी गाताना सगळ्या सभागृहाकडे बघते आहे असं लोकांना वाटायचं, पण ती बघायची ते एक बोट. स्वतःचं गाणं बरोबर झालं की नाही हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नाही. विचारायची गरजच पडली नाही.

एका हिवाळ्यात ताईला सर्दी झाली. साधीच सर्दी, नाक चोंदलेलं, डोकं जड. एका सकाळी उठली तर उजव्या कानात सूं सूं आवाज, आणि कान आतून कुणी बोळा कोंबल्यासारखा बंद. तिनं गरम पाण्याची वाफ घेतली, कानावर शाल गुंडाळली आणि चिमणीला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर चिमणीनं घर डोक्यावर घेतलं असतं. काही दिवसांनी बोळा सैल झाल्यासारखा वाटला. बोललेलं ऐकू यायला लागलं. ताईनं शाल सोडली आणि ती गोष्ट तिच्यापुरती संपली.

मग पियानो बिघडला. म्हणजे ताईला तसं वाटलं. ती म्हणाली की याच्या तारा आपसात भांडताहेत, एक पट्टी दाबली तरी दोन सूर येतात. नेहमीचा पियानो लावणारा आला. त्यानं सगळ्या तारा तपासल्या आणि सांगितलं की काही झालेलं नाही, उगाच हात लावला तर बिघडेल. ताई त्याच्यावर चिडली. इतक्या वर्षांचा माणूस, पण तिनं त्याला दारापर्यंतही सोडलं नाही. दुसरा बोलावला. दुसऱ्याला भांडायचं नव्हतं. ताई शेजारी उभी राहून सांगत गेली, हा खाली घे, अजून खाली, आणि तो घेत गेला. तो गेला तेव्हा ताईच्या मते पियानो निदान सहन होण्यासारखा झाला होता. चिमणीनं एक पट्टी वाजवून बघितली आणि पटकन बोट काढून घेतलं. पण तिला वाटलं, आपल्याला काय कळतंय.

त्याच आठवड्यात ताई तिला पहिल्यांदा म्हणाली, "तू चढतेयस."

चिमणीनं सूर थोडा खाली घेतला.

"अजून चढतेयस गं. ऐक ना नीट."

चिमणीनं आणखी खाली घेतला. आता तिला ते गाणं अंगात उलटा घातलेल्या झग्यासारखं वाटत होतं, पण ताईच्या कपाळावरची आठी थोडी कमी झाली, म्हणून तिनं तसंच पूर्ण म्हटलं. रोज सकाळी वर्गाआधी ताई तिला बसवून घ्यायला लागली. त्या बिघडवलेल्या पियानोवर सूर द्यायची आणि चिमणीला खाली, खाली ओढायची. ताई रागावत नव्हती. उलट पूर्वीपेक्षा मऊ बोलायची, पाठीवरून हात फिरवायची, मध घातलेलं गरम पाणी द्यायची. म्हणायची की वय झालं की गळा दगा देतोच, आपण वेळीच धरलंय, येईल ताळ्यावर.

घरी चिमणी भाजी चिरताना गुणगुणायची आणि मध्येच थांबायची. पुन्हा तोच सूर लावायची, पुन्हा थांबायची. नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायको ओळ अर्धी सोडते हे त्याच्याही ध्यानात आलं. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं.

तो जेवता जेवता थांबला. "माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी काय म्हणतं माहीत आहे? तक्त्यावरची अक्षरंच पुसट छापलीत, म्हणतं. एकानं तर मला छापखाना बदलायला सांगितलं. ताईंनी एकदा कान दाखवून घ्यावा."

चिमणीला हसू आलं आणि रागही आला. ताईचा कान? उद्या म्हणाल सूर्याला दिवा दाखवा. मग त्यानं तिला विचारलं की बाकी राहू दे, तुला स्वतःला काय ऐकू येतं. ती म्हणाली की मला काय ऐकू येतं याला काय अर्थ आहे. ताईला ऐकू येतं ते खरं. लग्न झाल्यापासून त्यानं एक नियम पाळला होता, दोघी बहिणींच्या गाण्यात पडायचं नाही. याही वेळी तो पडला नाही. पुढं त्याला त्याची फार रुखरुख लागली.

गानवृंदाचा वार्षिक कार्यक्रम आला. सरावाच्या वेळी चिमणी हळू गात होती, गळा जपतेय असं सगळ्यांना वाटलं. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. तिची ओळ आली. बाकीचे सगळे थांबले, वाद्यंही थांबली, आणि त्या शांततेत तिनं सूर लावला. सूर बरोबर लागला होता. वृंदातल्या मागच्या रांगेतल्या बायकांनी नंतर सांगितलं की असा स्वच्छ सूर त्यांनी तिच्याकडून कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

चिमणीनं तिसऱ्या रांगेत बघितलं. ताईचं बोट गालावरून खाली येत होतं.

ती उतरली. बोट आणखी खाली आलं. ती आणखी उतरली. ओळीच्या शेवटी वाद्यं पुन्हा आत आली तेव्हा ती आणि वाद्यं दोन वेगळ्या गावची झाली होती. सभागृहात कुणीतरी खाकरलं. गानवृंदाच्या सरांनी घाईनं दोन्ही हात वर करून सगळ्यांना एकदम गायला लावलं आणि तिचा आवाज त्या गलक्यात बुडवून टाकला.

सर भले गृहस्थ होते. पडद्यामागं त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले की तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. पुढच्या वेळी ती ओळ दुसऱ्या कुणाला देऊन बघू. सूर गेला होता का, असं तिनं विचारलं. त्यांना खोटं बोलता आलं नाही. हो म्हणाले.

म्हणजे ताईचंच खरं. चिमणीनं घरी येऊन कपडे बदलले आणि नवऱ्याला सांगितलं की माझा गळा गेला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी ताईनंच तिला जवळ घेतलं, आणि ताईच रडली. दोघींना एकमेकींचं इतकं वाईट वाटत होतं की तिसऱ्या कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही. पण त्यानंतर चिमणी सकाळी गायला बसेना. मुलांसमोर पट्टी दाबून द्यायची, वह्या आवरायची, तोंड मात्र उघडायची नाही.

वर्गही विरळ होत गेला. मुलं घरी जाऊन गात तेव्हा आयांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटे. ताई चांगल्या चांगल्या मुलांना बेसूर म्हणायला लागली होती. एक मुलगी रडत जिना उतरली ती परत आली नाही.

मग एके दुपारी ताईनं त्याच मुलीच्या आईला फोन करायचं ठरवलं. जुना फोन होता, वायरीचा. तिनं रिसीव्हर उजव्या कानाला लावला. नंबर एका चिठोऱ्यावर होता, तो घेण्यासाठी तिनं रिसीव्हर डाव्या कानाशी खांद्यात धरला, आणि फोनचा तो सरळ, एकसारखा आवाज खाली उतरला.

लाइन बदलली असेल, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा उजव्या कानाला लावला. आवाज वर गेला. डाव्या, खाली. उजव्या, वर. ती किती तरी वेळ रिसीव्हर इकडून तिकडे नेत राहिली, शेवटी फोनच कंटाळून टीं टीं करायला लागला. मग तिनं वडिलांचा सूरकाटा काढला. लोखंडाचा दोन टोकांचा काटा, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देणारा. तो काही चढत नाही, उतरत नाही. डाव्या कानाशी धरला तर वडिलांनी ऐकवलेला तोच सूर. उजव्या कानाशी धरला तर चढलेला, आणि वर पत्र्यासारखा खरखरीत. मध्ये, कपाळासमोर धरला तर दोन्ही, एकमेकांवर घासणारे.

त्या दिवशी आलेल्या मुलांना तिनं दारातूनच परत पाठवलं.

ती कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बटण दाबायला सांगितलं. मग शांतपणे समजावलं की उजव्या कानाच्या आतल्या नसेला इजा झाली आहे, म्हणून त्या कानाला प्रत्येक सूर चढलेला ऐकू येतो. बोललेलं कळतं, कारण बोलणं कळायला एवढा नेमका सूर लागत नाही. ताईनं विचारलं की हे बरं होईल का. बाई म्हणाल्या की कान बंद झाला त्याच दिवसांत आला असतात तर औषधानं कदाचित काही साधलं असतं. आता नाही. सवय होईल.

ताई तिथून निघाली ती सरळ चिमणीच्या घरी. चिमणी ओट्याशी उभी होती. ताई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली, चपलाही काढल्या नाहीत.

"चिमणे, तू चढत नव्हतीस."

चिमणीला कळलं नाही.

"तू कधीच चढत नव्हतीस. माझा कान गेलाय, उजवा. सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. तुझं बरोबर होतं आणि मी तुला खाली ओढत राहिले. कार्यक्रमातसुद्धा मीच पाडलं तुला."

चिमणीनं गॅस बंद केला. मग तिनं विचारलं ते सगळं ताईविषयी. दुखतं का, चक्कर येते का, डॉक्टर काय म्हणाल्या, एकटी का गेलीस, मला का नाही नेलंस. ताईला खुर्चीवर बसवून तिनं तिच्या चपला काढल्या आणि तिथंच फरशीवर बसून, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. ताईच्या कानासाठी रडली. स्वतःचं तिला अजून सुचलंच नव्हतं.

ते ताईनंच काढलं. म्हणाली की आता तुला मोकळं झालं. सरांकडे मी येते, मी सांगते सगळं. आणि तिनं चिमणीला तिथंच गायला सांगितलं.

चिमणी उठली. तोंड पुसलं, श्वास घेतला आणि सूर लावला. तो थोडा हलला. तिनं तो वर घेतला, मग खाली घेतला, मग थांबली.

"हा बरोबर होता?"

"मला नाही गं सांगता येत."

"मग मला कसं कळणार?"

"तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय," चिमणी म्हणाली. "तेव्हाही येतच होतं, ताई. आणि तेव्हा मी त्याला चूक म्हटलं."

ताईनं डावा कान पुढं करून, उजव्यावर तळहात दाबून तिला पुन्हा गायला लावलं. चिमणी गायली. पण प्रत्येक सुरावर ती ताईच्या तोंडाकडे बघत होती, आणि ताईला एका कानानं लांबून, पातळ, धुक्यातून यावं तसं ऐकू येत होतं, शिवाय तळहाताआडून उजव्या कानाचा चढा सूर झिरपतच होता. तिला पूर्वीसारखी खात्री देता येईना. ती बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत राहिली. चिमणीला कळत होतं की ती समजूत घालतेय. अर्ध्या ओळीत चिमणी गप्प झाली आणि पुन्हा गॅस पेटवून कामाला लागली.

ताई सरांना भेटली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चिमणीला निरोप धाडला, ती ओळ तुमचीच आहे म्हणाले. चिमणी गेलीही. पण आता एकटीनं गायची वेळ आली की ती एक सूर लावून तिथंच अडायची. सर तिला सांगायचे की छान लागलाय, सोडू नका. ती मान हलवायची आणि पुढच्या सुराला पुन्हा अडायची. जन्मभर दुसऱ्याच्या हातात हात देऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला अचानक मधोमध सोडावं, तशी तिची गत झाली होती. सरांनी चिकाटी सोडली नाही, पण एक दिवस तिनंच सांगितलं की मला मागच्या रांगेत, खालच्या आवाजाच्या बायकांत उभं करा. तिथं शेजारणीच्या सुराला टेकून गाता येतं.

ताईनं वर्ग बंद केला. राहिलेल्या मुलांच्या घरी ती स्वतः जाऊन आली, त्या रडत गेलेल्या मुलीच्याही, आणि तिच्या आईसमोर तिला सांगितलं की तुझा सूर चांगला आहे, चूक माझी होती. मुलीनं मान हलवली आणि आत खेळायला पळाली. पहिल्या पियानो लावणाऱ्याची माफी मागून तिनं त्याला बोलावलं. तारा जागेवर आणायला त्याला दोन फेऱ्या लागल्या. तो काम करत होता तेव्हा ताई खाली लाँड्रीत जाऊन बसली. पियानो एका शाळेनं नेला. जिन्यातून उतरवताना तो दोनदा भिंतीला लागला आणि आतून एकदम गडगडला, तेव्हा लाँड्रीवालासुद्धा इस्त्री उभी करून बघत राहिला.

ताईला सगळ्यात जड गेली ती एक गोष्ट, जी तिनं चिमणीला पुष्कळ दिवस सांगितली नाही. चिमणी नुसती बोलायला लागली तरी आता तिला दोन बायका बोलल्यासारख्या ऐकू यायच्या, आणि त्यांतली एकही चिमणी नसायची. तान्हेपणापासून ऐकलेला आवाज. काळोखात हजारांतून ओळखला असता. चिमणी यायच्या वेळेला ती उजव्या कानात कापसाचा बोळा घालून बसायला लागली. कापूस घातला की निदान एक बाई कमी व्हायची. चिमणीनं विचारलं तर वारा लागतो म्हणायची. शेवटी एकदा तिनं सांगून टाकलं. त्यानंतर चिमणी नेहमी ताईच्या डाव्या बाजूला बसायला लागली, आणि जेवताना नवऱ्यालाही त्या बाजूनं उठवायची.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला ताई गेली नाही. चिमणीनं ये म्हटलं नाही, ताईनंही येऊ का विचारलं नाही. त्या दुपारी ती चिमणीच्या घरी तिच्या नवऱ्याबरोबर बसली होती. दुकानाला सुट्टी होती. तो तिला नवीन फ्रेमचे नमुने दाखवत होता, ती प्रत्येकाला नाक मुरडत होती. संध्याकाळी चिमणी परत आली. ताईनं विचारलं की गर्दी होती का. चिमणी म्हणाली की होती. मग तिनं सांगितलं की एक दिवा मध्येच गेला, सरांचं टिपण खाली पडलं, आणि ती ओळ आता ज्या मुलीला दिली आहे तिनं इतक्या उंच टाचांचे बूट घातले होते की आम्हा सगळ्यांना वाटलं ही आता आडवी होते. ताई हसली. चिमणीनं पातेल्यात पाणी ठेवलं, तिघांसाठी चहा टाकला, आणि कपाटातला साखरेचा डबा काढताना विचारलं की आज इथंच राहतेस ना. ताई म्हणाली, राहते.